बाद गोळ्यांचा ढीग

आमच्या फार्मसी कॉलेजात दोन तऱ्हेची पोरं होती. एक अभ्यासातली आणि दुसरी उपक्रमातली. अभ्यासातली पोरं पहिल्या बाकावर बसून वह्या भरायची. उपक्रमातली पोरं बॅनर बांधायची, रांगोळ्या काढायची, पाहुण्यांच्या शाल-श्रीफळासाठी धुळ्याच्या आग्रा रोडवर पळायची आणि हजेरी कमी भरली की बाविस्कर सरांसमोर हात जोडून उभी राहायची. मी भाविका, दुसऱ्या तऱ्हेतली. तीन वर्षांत एक रॅली सोडली नाही. सावद्याहून आईचा फोन यायचा, "फार्मसी शिकाले धाडलं तुले, का नाटकं कराले?" मी म्हणायचे, "आई, यातूनच माणूस घडतो." वाक्य बाविस्कर सरांचं होतं, पण मी ते स्वतःचं असल्यासारखं वापरायचे.

बाविस्कर सर राष्ट्रीय सेवा योजनेचे प्रमुख होते आणि मनानं सरळ होते, हे आधीच सांगते, कारण पुढं त्यांचा राग येईल. त्यांचं म्हणणं असं की पुस्तकातून औषध कळतं, माणूस कळायला गावात जावं लागतं. तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत ते आम्हाला सात दिवसांच्या शिबिराला धुळे तालुक्यातल्या एका गावी घेऊन गेले. गावाचं नाव सांगत नाही, गावाची काही चूक नव्हती. इथं ज्या मायलेकी येणार आहेत त्यांची नावंही बदलली आहेत. लेकीला विचारून लिहिते आहे.

शिबिराचा मुख्य उपक्रम माझ्या डोक्यातून निघाला होता. घरोघरी जायचं, मुदत संपलेली औषधं बाहेर काढायला लावायची, गोळा करायची आणि शाळेच्या पटांगणात त्यांचा ढीग लावून गावाला दाखवायचा. त्यासाठी पथनाट्यही बसवलं होतं. आमच्या वर्गातला हितेंद्र, रावेरकडचा, अंगानं उभा-आडवा, गळ्यात काळं गोणपाट घालून बाद गोळीचा राक्षस व्हायचा आणि चौकात असा काही नाचायचा की म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. शेवटी मी पुढं होऊन ओरडायचे, "तारीख नाही?" आणि सगळे गरजायचे, "तर गोळी नाही!" गोळ्यांच्या पट्टीवर मुदतीची तारीख एका टोकाला असते. दुकानदारानं अर्धी पट्टी कापून दिली की तारीख दुकानातच राहते. तेव्हा कापलेली पट्टी म्हणजे बाद, सुटी गोळी म्हणजे बादच बाद, असा आमचा सरळ हिशेब होता. मला तो फार शहाणपणाचा वाटत होता.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही भिकुबाईच्या ओट्यावर पोचलो. पाच विद्यार्थी, एक कॅमेरा, आणि तमाशा पाहायला गल्लीतल्या दहा-बारा बाया. भिकुबाई विधवा, पन्नाशीची, घरात ती आणि एकुलती लेक नूतन. तिनं मुकाट्यानं खोकल्याची एक चिकट बाटली आणि पिळून चपटी झालेली मलमाची ट्यूब आणून दिली. मी नावनोंदणी करून उठणार तेवढ्यात शेजारची भागाबाई म्हणाली, "त्या कुकुनी डबीमा बी गोया शेतस ना व भिकुबाई! मी देख्यात."

भिकुबाई थांबली. मग आत जाऊन तिनं कुंकवाची प्लास्टिकची डबी आणली. आत पंचवीस-तीस पांढऱ्या सुट्या गोळ्या होत्या.

"कसल्या आहेत अक्का या?" मी विचारलं, चांगल्या खणखणीत आवाजात, कारण मागच्या बायांनाही ऐकू जायला हवं होतं.

"डोकं दुखान्या शेतस," ती म्हणाली. "जुन्या शेतस."

"पट्टी कुठंय?"

"फेकी दिधी."

"म्हणजे तारीखच नाही!" मी बायांकडे वळून म्हणाले आणि त्यांना समजावलं की अशा गोळ्या घरात ठेवणं म्हणजे विंचू पाळणं. "तारीख नाही?" मागून पोरं गरजली, "तर गोळी नाही!" बाया हसल्या. भिकुबाईही हसली. डबी तिनं माझ्या हातावर ठेवली तेव्हा हितेंद्रनं फोटो काढला. फार छान फोटो आला होता, तिचं हसणं आणि माझं हसणं. दारात नूतन उभी होती, एकोणीस-वीसची, वेणी अर्धी घातलेली. तिनं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ती आत गेली. मला वाटलं, लाजाळू असेल.

त्याच दुपारी पटांगणात पांढऱ्या चादरीवर ढीग लावला. चारशे सदतीस गोळ्या आणि एकोणतीस बाटल्या. सरपंच आले, भाषण झालं, धुळ्याच्या एका पेपरात बातमी आली. संध्याकाळच्या आत गोळ्या पाण्यात भिजवून मातीत कालवल्या आणि कॉलेजच्या घातक कचऱ्यात द्यायला ड्रममध्ये बंद केल्या. बाविस्कर सर म्हणाले, "भाविका, मार्चमध्ये जळगावला विद्यापीठाची स्पर्धा आहे. हा प्रकल्प तिथं जाणार." त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सहाव्या दिवशी सकाळी मी शाळेच्या नळावर दात घासत होते. भिकुबाई आली. हातात रिकामा हंडा, पण तो तिनं नळाखाली लावला नाही. आजूबाजूला पाहून घेतलं आणि हळूच म्हणाली, "ताई, त्या डबीमधल्या गोया शेतस का आजून?"

"नाहीत अक्का. नष्ट केल्या. का?"

मी चूळ भरून पुढं झाले तेव्हा तिनं सांगितलं. "नूतनले फिट येस. तीन वरीस व्हयी गयात, गोया चालू व्हत्यात, एक बी फिट उनी नही. काल सकाय उनी. चुल्हावर पडनी."

सुचलं ते विचारलं, आणि विचारलं तेही चिडून, कारण घाबरलेल्या माणसाला आधी चीड येते. "मग त्या दिवशी का नाही सांगितलं? डोकं दुखायच्या म्हणालात तुम्ही! आणि पट्टी का फेकता?"

"पट्टी देखी का मानसं नाव वाचतस," ती म्हणाली. "भागाबाईना पोऱ्या मेडिकलवर कामले शे. आनि येवाना रईवारले नूतनले देखाले पाहुना येतस." मग माझ्याकडं पाहून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू बठ्ठासमोर इचारं ना, माय."

सगळ्यांसमोर विचारलंस ना, एवढंच. त्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते. फिटची गोळी एकाएकी थांबवायची नसते, हे मला येत होतं. परीक्षेत लिहिलं होतं, पंधरापैकी तेरा मार्क पडले होते. पण ज्या बाईला गल्लीनं घेरलेलं आहे तिला आजाराचं नाव विचारायचं नसतं, हे तीन वर्षांच्या एकाही वहीत माझ्याकडं नव्हतं, आणि नाचण्या-ओरडण्यात तर नव्हतंच.

तिच्या घरी गेले. नूतन खाटेवर बसली होती. उजवा तळहात ते मनगट भाजलं होतं, वर टूथपेस्ट थापून फडकं गुंडाळलं होतं. शेजारणींना सांगितलं होतं की दूध उतू जाऊन सांडलं. मी टूथपेस्ट धुऊन काढली तेव्हा ती ओरडली नाही, ओठ चावून बसली. डॉक्टरचे कागद पेटीच्या तळाशी, साडीच्या घडीत होते. आम्ही तिघी पहिल्या बसनं धुळ्याला सरकारी दवाखान्यात गेलो. मी सरांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

डॉक्टरांनी हाताला पट्टी केली आणि गोळ्या लिहून दिल्या. कशा थांबल्या, असं त्यांनी विचारलं. भिकुबाई म्हणाली, "सरी गयत्यात." म्हणजे संपल्या होत्या. तिनं मला पाठीशी घातलं आणि मी गप्प बसले. अजूनही ती एक गोष्ट आठवली की स्वतःची लाज वाटते.

आई औषधाच्या रांगेत उभी असताना नूतन बाकावर माझ्याजवळ बसली. पाहुण्यांचं माझ्या मनात घोळतच होतं. मी कसंबसं म्हणाले, "नूतन, लपवून लग्न केलंस तर पुढं..."

"लपाडनार नही," ती मध्येच म्हणाली. "लगीन ठराना पहिले त्याले सांगसू. पन मी सांगसू. माय नही, तुम्ही नही. माले फिट येस ते गावले तुमना तोंडे समजनं तर मना जोडे सांगाले काय ऱ्हायनं?" मग म्हणाली, "कोनले सांगू नका ताई. तुमना सरले बी नही."

मी हो म्हटलं. तिच्या चांगल्या हातावर हात ठेवून म्हटलं.

दुपारी शिबिरात परतले तर सर दारातच उभे होते. मी शिबिराची विद्यार्थी प्रतिनिधी; प्रतिनिधीनंच न सांगता गायब व्हायचं म्हणजे काय, म्हणून सगळ्यांसमोर झापलं. मी पोट दुखत होतं म्हणाले. हितेंद्रनं लगेच विचारलं, "गोळी कोणती घेतली? तारीख पाहिली का?" पोरं खिदळली. मीही दात काढले. दुसरं करणार काय?

फेब्रुवारीभर अहवाल तयार होत होता. पहिल्याच पानावर भिकुबाईचा डबी देतानाचा फोटो, खाली 'जागृत ग्रामस्थ'. त्या पानाकडं मला पाहवत नव्हतं. ढिगातल्या सव्वीस गोळ्या बाद नव्हत्या, चांगल्या होत्या, एका पोरीच्या रोजच्या होत्या. चारशे सदतीस वाईट गोळ्या आम्ही गावातून काढल्या असं मी जळगावला उभं राहून म्हणणार कशी? आणि खरं काय ते सांगायचं म्हटलं, तरी तो फोटो पडद्यावर असताना सांगणार कशी? सव्वीस गोळ्या म्हटलं की सुट्या गोळ्या, सुट्या गोळ्या म्हटलं की डबी, आणि डबी तर भिकुबाईच्या हातात सगळ्यांना दिसत होती. गाव आमच्या कॉलेजनं दत्तक घेतलेलं. आमच्यातली चार पोरं तिथं दर आठवड्याला जायची. तोंडातून निघालेली गोष्ट भागाबाईच्या ओट्यावर पोचायला दोन दिवस पुरले असते.

शेवटी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, आपण गोळा केलेल्यातलं काही औषध चालू होतं. आपण नीट विचारलं नाही. हा प्रकल्प नको पाठवायला."

सरांनी पेन खाली ठेवलं. "कुणाचं औषध? काही झालं का कुणाला?" त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "नाव सांग. उद्याच जाऊ आपण सगळे. घरी जाऊन माफी मागू, औषध घेऊन देऊ. सरपंचांनाही बरोबर घेऊ."

माणूस चांगला असला की त्याच्यापासून लपवणं फार जड जातं. ते खरोखर गेले असते. जीपभर पोरं, हातात फुलं, गल्लीत पुन्हा दहा-बारा बाया. मी म्हणाले, "नाव सांगता येणार नाही सर."

"मग कळलं कसं तुला?"

"तेही नाही सांगता येणार."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "स्टेजची भीती आहे तुला. होतं असं. जा, तयारी कर."

तेव्हा मी गप्प बसून, आजारी पडून, जळगावला जायचं टाळू शकले असते. हितेंद्रनं माझ्या जागी बोलून टाकलं असतं आणि छान बोलला असता. दोन रात्री तोच विचार केला. पण मग ढीग खरा ठरला असता. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात, दुसऱ्या ओट्यावर, माझंच वाक्य ओरडत दुसरी पोरं उभी राहिली असती. तेवढं मात्र माझ्याच्यानं सोसवलं नसतं.

जळगावच्या त्या सभागृहात चौदा कॉलेजं होती. आमचा नंबर सातवा. हितेंद्र पडद्यावरची चित्रं पुढं सरकवायला बसला होता, अंगात नवा शर्ट. उत्कृष्ट स्वयंसेवकाचं प्रमाणपत्र त्याला हवं होतं आणि ते आमच्या क्रमांकावर अवलंबून होतं. त्याचे वडील रावेरहून मुद्दाम आले होते, मागच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

मी उभी राहिले. पहिलं चित्र यायच्या आत हितेंद्रला हातानं थांबवलं आणि बोलले. "आमच्या ढिगातली काही औषधं बाद नव्हती. ती चालू होती. आम्ही गर्दीत विचारलं, म्हणून खरं उत्तर मिळालं नाही, आणि तारीख दिसली नाही की औषध उचललं. या पद्धतीनं कुणी औषधं गोळा करू नयेत. आमचा अहवाल आम्ही मागं घेतो. चूक माझी आहे, माझ्या गटाची नाही."

परीक्षकांतल्या एक बाई चष्मा काढून म्हणाल्या, "हे गंभीर आहे. किती औषधं? कुणाची? काय परिणाम झाला?"

"सांगता येणार नाही मॅडम."

"मग आम्ही कशावरून मानायचं?"

"नका मानू," मी म्हणाले. "पण अहवाल स्पर्धेतून काढा."

त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. दुसऱ्या परीक्षकांनी शेजारच्याला विचारलेलं मला ऐकू आलं, "तयारी नव्हती वाटतं." हितेंद्रनं पडदा बंद केला. मी खाली उतरले तेव्हा बाविस्कर सर खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही. पारोळ्याला सगळे चहाला उतरले आणि हितेंद्र माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "एकच विचारतो. कुणाच्या घरी काही झालं का? हो म्हण, मी समजून घेईन. नाव नको सांगू."

मला त्या क्षणी 'हो' म्हणायची फार इच्छा झाली. पण डबीचा फोटो त्यानंच काढला होता. त्या दिवशी डबी आणायला आत जाण्याआधी भिकुबाई कशी थांबली होती, ते त्यानंही पाहिलं होतं. एका 'हो'वर त्यानं बाकीचं स्वतःच जोडलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे नुसतं तुला थोर व्हायचं होतं," तो म्हणाला. "माझा बाप आला होता, भाविका." आणि गेला. पुढं वर्षभर, पदवी मिळेपर्यंत, तो माझ्याशी कामापुरतं बोलला. प्रतिनिधीपद माझ्याकडून काढून घेतलं. वर्गात नाव पडलं, 'सांगता येणार नाही'. कुणी प्रयोगाचं उत्तर विचारलं तरी मागून आवाज यायचा, "सांगता येणार नाही!" मी हसायचे. खोलीत जाऊन रडायचेही, ते लपवत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला नूतनचा फोन आला. खोलीत तिघी मैत्रिणी होत्या. मी फोन कानाला लावून काही न बोलता बाहेर आले, वसतिगृहाचा जिना चढून गच्चीवर गेले, तिथं वाळत घातलेले कपडे सोडून कुणी नव्हतं, आणि मग म्हटलं, "बोल नूतन."

"त्याले सांगं ताई," ती म्हणाली. "शेतकडे उना व्हता, तठेच सांगं. बठ्ठं सांगं."

"मग?"

"नही म्हने."

मला तिला पाहायला आलेल्या, मी न पाहिलेल्या त्या मुलाचा असा राग आला की तोंडाला येईल ते मी बोलले. नूतन ऐकत राहिली. मग म्हणाली, "राग करू नका. मना मुखे आयकं आनि मंग नही म्हने. भागाबाईना मुखे आयकी म्हनता तर?" आणि म्हणाली, "पुढला उना तर त्याले बी मीच सांगसू."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाजात ते येऊ नये म्हणून मी कठड्याला घट्ट धरून उभी होते. सगळ्या कॉलेजात, सगळ्या घरात, जे मी कुणालाही सांगू शकत नव्हते ते त्या पोरीनं एका अनोळखी मुलासमोर शेतात उभं राहून सांगितलं होतं, आणि नकार घेऊन घरी आली होती. मी गच्चीच्या दाराकडं एकदा पाहून घेतलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "आजची गोळी घेतली?"

"खादी," नूतन म्हणाली.